सेंट हेलेन्सच्या गुहेत दिवे बंद केल्यावर

बेलव्ह्यूमध्ये राहणाऱ्या मराठी घरांचा एक अलिखित नियम आहे. भारतातून आई-वडील आले की त्यांना अर्ध्या तासावरचा स्नोक्वाल्मीचा धबधबा दाखवायचा. आम्ही तो इतक्यांदा पाहिलाय की पाहुणे कठड्याशी फोटो काढत असताना आम्ही मागे उभे राहून कांदे कुठे स्वस्त मिळतात यावर बोलतो. ज्वालामुखींचंही तसंच. ऑफिसच्या पार्किंगमधून रेनियर दिसतो, म्हणून तिथे जायचं राहून जातं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी मैत्रीण अनघा आणि तिचा नवरा मिलिंद यांचं परत जायचं ठरलं. मिलिंदची नोकरी गेली होती. नोकरी गेल्यावर व्हिसा जी मुदत देतो, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही. पुण्यात हिंजवडीत एक मिळाली. नवी कंपनी वर्षभरात त्याला पुन्हा इकडे पाठवेल, असं दोघं सांगत होते. मुलगी जुई इथेच जन्मलेली. तिचं बारावीचं वर्ष तेवढं उरलं होतं, म्हणून ते वर्षभर ती आमच्याकडे राहणार होती. मला मूल नाही. घरात एक खोली रिकामी होती आणि जुई मला लहानपणापासून मावशी म्हणते. ठरायला एक संध्याकाळ पुरली.

ट्रिपची कल्पना मिलिंदची.

"इतकी वर्षं जे पाहिलं ते पाहुण्यांसाठी पाहिलं," तो म्हणाला. मिलिंद मूळचा नागपूरचा. वाईट बातमीही तो थट्टेच्या सुरात सांगतो. "आता एक आपल्यासाठी पाहू न बाप्पा."

अशी तीन दिवसांची गाईड घेऊन जायची ट्रिप ठरली: सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या दक्षिण बाजूची लाव्हाची गुहा, लाव्हा कॅन्यन आणि परतताना कोलंबिया गॉर्ज या नदीच्या दरीतले धबधबे. माझा नवरा कामामुळे आला नाही. व्हॅनमध्ये आम्ही चौघं, ओहायोचं एक निवृत्त जोडपं आणि चालवायला मेगन नावाची उंच, कमी बोलणारी गाईड.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगून ठेवते. बेलव्ह्यूहून दक्षिणेला निघून वुडलँडला हायवे सोडायचा आणि लुइस नदीच्या कडेने पूर्वेला कूगर या गावापर्यंत जायचं. साधारण तीन तास. गाव म्हणजे एक दुकान, एक पेट्रोल पंप आणि थोड्या केबिन्स. पेट्रोल वुडलँडलाच भरा. कूगरनंतर फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या.

अनघाने वाटेत खायला डबे आणले होते. कपाटं रिकामी करायची असल्याने ती महिनाभर घरात जे उरलंय तेच शिजवत होती. उरलेल्या भाजणीची थालिपीठं, तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांची चटणी, आणि एका बरणीत तीन वेगवेगळी लोणची एकत्र. ओहायोच्या काकूंनी थालिपीठाचा तुकडा खाऊन कृती विचारली. अनघा सांगू लागली, आणि भाजणी इथे कुठे मिळते यावर येऊन थांबली.

"आमच्याकडची संपली," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

गुहेसाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. उन्हाळ्यातही आत फ्रीजसारखं थंड असतं. जाड जॅकेट, बूट आणि प्रत्येकी दोन दिवे हवेतच. हेल्मेट मेगनने दिलं. लोखंडी जिन्याने खाली उतरलं की बाहेरचा ऑगस्ट संपतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी इथून लाव्हा वाहिला. वरचा थर थंड होऊन कडक झाला, आतला वाहून गेला, आणि मागे उरली ही लांबच लांब नळी. भिंतींवर लाव्हाच्या पातळीच्या रेघा आहेत, कालव्यावर पाण्याच्या असतात तशा. एके ठिकाणी भलामोठा गोल दगड छताजवळ दोन भिंतींत अडकलाय. त्याला मीटबॉल म्हणतात.

"आपल्यासाठी कोफ्ता," मिलिंद म्हणाला.

"बाबा, प्लीज," जुई म्हणाली. पण हसली.

नळीच्या खालच्या टोकाला जमीन वाळूची होते. तिथे मेगनने सगळ्यांना बसवलं आणि दिवे बंद करायला सांगितले. थोडा वेळ गप्प बसा, मग हवं तर हळू बोला, ती म्हणाली. इथला अंधार डोळ्यांना सवय होऊन कमी होत नाही. मी चेहऱ्यासमोर हात धरला. हात नव्हता.

मिलिंद आणि जुई पुढे मेगनजवळ होते. अनघा आणि मी सर्वांत मागे. गेले कित्येक दिवस आम्हाला दोघींना एकटं बोलायलाच मिळालं नव्हतं. तिच्या घरी विकायला काढलेलं सामान बघायला येणारी माणसं, माझ्या घरी जुईची खोकी. तिने माझं मनगट धरलं.

"वंदना, वर्ष वगैरे काही नाही."

"म्हणजे?"

"आम्ही परत येत नाही आहोत. कंपनी कोणाला पाठवत नाही. मिलिंदने विचारलंसुद्धा नाही. पुन्हा तो व्हिसा, पुन्हा ती रांग. नाही म्हणाला. थकलाय गं तो."

"आणि जुई?"

"तिला कळलं तर ती थांबणार नाही. शाळा, कॉलेज सोडून माझ्यामागे येईल. तिथे काय करेल ती? तू बोलू नकोस. वर्ष गेलं की मीच सांगेन."

मी काही म्हणायच्या आत मेगनने दिवा लावला. जुई आमच्या मागेच होती, अंधारात भिंत चाचपत आलेली, हात लांब केला असता तर लागली असती इतकी जवळ.

"आई, माझं जॅकेट तुझ्या बॅगेत आहे," ती म्हणाली.

"तू कधी आलीस?"

"जस्ट नाऊ."

अनघाने जॅकेट काढून दिलं, चेन लावून दिली, आणि अनघाच्या चेहऱ्यावरची भीती गेली. का गेली ते मला कळलं. आपल्या इथल्या सगळ्या घरांत हे चालतं. मुलांसमोर बोलायचं नसलेलं आपण मराठीत, आवाज खाली करून बोलतो. मुलं निम्मं इंग्रजीत बोलतात म्हणून त्यांना मराठी जेवण-खाण्यापुरतंच कळतं, असं धरून चालतो. खरं तर ती सगळी वर्षं शेजारच्या सोफ्यावर बसलेली असतात.

दुसऱ्या दिवशी लाव्हा कॅन्यन. पार्किंगला जंगलखात्याचा पास लागतो, तो आधी घ्या. डोंगर इथून जवळ दिसतो. पण १९८०च्या स्फोटात फुटलेली त्याची बाजू उत्तरेला आहे. इकडून तो नुसता डोकं कापल्यासारखा सपाट आहे. स्फोटाच्या वेळी या बाजूने चिखलाचा लोंढा आला, त्याने दरीतली माती-झाडं खरवडून नेली आणि खालचा जुना काळा लाव्हा उघडा पडला. आता त्यावरून मडी नदी एकामागून एक धबधबे घेत खाली जाते. सुरुवातीचा रस्ता सोपा, फरसबंद आहे. पुढे उंच कडे आहेत, लहान मुलांना नेऊ नका. काही ठिकाणी दगड इतका गुळगुळीत की पाणी त्यावरून आवाज न करता सरकतं, आणि पुढे पडल्यावर एकदम गडगडाट.

दरीवर एक झुलता पूल आहे. अनघाने एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं.

"मी नाही बाई. तुम्ही जा."

"मी हिच्याजवळ थांबतो," मिलिंद म्हणाला. "हिला सोडून गेलो तर घरी ऐकावं लागेल, अन् घर आता कुठं आहे तेच माहीत नाही."

जुई आणि मी पलीकडे गेलो. पुलाच्या त्या टोकाला पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं जेमतेम ऐकू येतं. जुईने पलीकडे उभ्या आई-वडिलांकडे बघून हात हलवला.

"मावशी, मी ऐकलं," ती हात हलवतच म्हणाली. "काल. सगळं."

मी तिच्याकडे बघायला लागले तर म्हणाली, "डोन्ट लुक ॲट मी. आई बघतेय."

आम्ही दोघी समोर बघत उभ्या राहिलो.

"मी सांगू का तिला?" मी विचारलं. "तुला माहीत आहे म्हणून?"

"नको. प्लीज. मावशी, मला इथेच राहायचंय. दॅट्स द बॅड पार्ट. मला खरंच राहायचंय." तिचा आवाज साधा होता, होमवर्क झालं का याचं उत्तर द्यावं तसा. "एक वर्ष असेल तर मी फक्त थांबतेय. ते येणारच नसतील तर मी त्यांना सोडतेय. मला नाही सोडता येणार. सो मला माहीत नाहीये, ओके?"

"आणि आई रोज खोटं बोलत राहील त्याचं काय?"

"ती माझ्यासाठी बोलतेय. मी ऐकून घेईन."

मी ओके म्हणाले. आजही दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला सापडलेलं नाही. आम्ही पूल ओलांडून परत आलो तेव्हा अनघाने जुईच्या कपाळावरचे तुषार ओढणीने पुसले आणि "काय बोलत होतात इतका वेळ?" असं विचारलं.

"पाणी किती लाऊड आहे ते," जुई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गॉर्ज. मल्टनोमा धबधब्याला उन्हाळ्यात वेळेचा परवाना लागतो आणि तरीही जत्रेइतकी गर्दी असते. वेळ कमी असेल तर तिथल्याच जुन्या हायवेवरचा लटूरेल धबधबा बघा. एकाच उडीत खाली येणारी सरळ धार, मागच्या कातळावर पिवळंधमक शेवाळ, आणि पाण्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. तिथे मिलिंदने मेगनला तिघांचा फोटो काढायला लावला. फोटोनंतर तो वर बघत म्हणाला, "पाणी कमी वाटतं ना आत्ता. पुढच्या वर्षी आलो की मे महिन्यात येऊ."

"मेमध्ये फायनल्स असतात, बाबा."

"मग जूनमध्ये."

"जून वर्क्स," जुई म्हणाली.

ओहायोच्या काका-काकूंना हे एक सुखी कुटुंब वाटलं असणार. तसं ते होतंही. परतीच्या वाटेवर अनघा जुईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि जुई घराजवळच्या टॅकोमापर्यंत खांदा न हलवता बसून राहिली.

ते दोघं सप्टेंबरमध्ये गेले. विमानतळावर अनघा पुनःपुन्हा "एकच वर्ष" म्हणत होती आणि जुई तिला "आय नो, आई" म्हणत होती.

त्यानंतर रोज फोन. जेवणाच्या टेबलावर जुई फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवायची आणि मी शेजारी पोळ्या करत असायची. अनघा सांगायची, कंपनी एप्रिलमध्ये व्हिसाचे कागद पाठवणार आहे. मग एप्रिलचं जुलैवर गेलं. बाबांचे मॅनेजर बदलले म्हणून उशीर होतोय. ती त्या मॅनेजरचं वर्णनसुद्धा करायची. जुई विचारायची, "ही इज स्ट्रिक्ट?" आणि अनघा आणखी काहीतरी रचायची. मी तव्याकडे बघायची.

जूनमध्ये जुईचं ग्रॅज्युएशन झालं. अनघा-मिलिंदला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळाली नाही. त्यांनी कार्यक्रम फोनवर पाहिला. दोन दिवसांनी अनघाचा फोन आला. ती आधीच रडत होती. "जुई, तुला एक सांगायचंय," म्हणाली, आणि तिला पुढे बोलताच येईना.

"आई, मला माहीत आहे," जुई म्हणाली. "गुहेपासून. ठीक आहे गं. मला थांबायचंच होतं." तिने एवढं मराठीतून, न अडखळता सांगितलं. मग तीही रडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले.

थोड्या वेळाने जुईने फोन माझ्या हातात दिला.

"तिला माहीत आहे, हे तुला माहीत होतं?" अनघाने विचारलं.

"हो."

"वर्षभर?"

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"म्हणजे मी रोज एप्रिल, जुलै, मॅनेजर करत होते आणि तुम्ही दोघी शेजारी बसून ऐकत होतात."

तिने मला दोष दिला नाही, आवाजही चढवला नाही. "जुईला जेवायला दे," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी केलेला फोन ती घेत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही घेतला नसता. जुईला मात्र रोज फोन येतो, आणि आता त्यात मॅनेजर नाही. हिंजवडीचं ट्रॅफिक असतं, मिलिंदची पाठदुखी असते, कोणाचं तरी लग्न असतं. भिंतीपलीकडून मला आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. जुई एकदा म्हणाली, "आई, मावशी इथेच आहे, देऊ?" मग तिने फोन कानाला लावला आणि थोडं थांबून म्हणाली, "ओके. नंतर."

तर, जावं का? जरूर जावं. गुहा, कॅन्यन आणि गॉर्ज तीन दिवसांत नीट होतं, घाई होत नाही. गाईड घ्या, विशेषतः गुहेसाठी. डोंगर पुन्हा हिरवा होतोय, आणि करड्या राखेतून वर आलेली ती कोवळी झाडं बघण्यासारखी आहेत. मला त्यातलं बरंच काही आठवत नाही. माझ्याकडे पुलावरचा एकही फोटो नाही.

वर्षभर मी या ट्रिपबद्दल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सगळं सांगू नये असं होतं. आता सांगता येतं, तरी मी टाळत होते. गेल्या आठवड्यात जुईला विचारलं की लिहू का, नावं बदलून.

"लिही ना," ती म्हणाली. कॉलेजसाठी ती खोकी भरत होती. "आई अजून वाचते तुझा ब्लॉग. परवा मला विचारत होती, मावशी बरी आहे ना, बऱ्याच दिवसांत तिने काही लिहिलं नाही."