दोघींची श्रीलंका

जेवण झालंय, ओटा पुसून झालाय आणि मी पुढच्या खोलीत चटईवर आडवी झालेय. पोटावर श्रीलंकेचा नकाशा पसरलाय. पंख्याच्या वाऱ्यानं त्याचं एक टोक उचललं जातं आणि परत पडतं. शेजारच्या गिरणीची घरघर चालू आहे. चार वाजता सहलवाल्या कुंभोजकरांचा फोन येणार आहे. त्यांच्या यादीत आमची दोन नावं आहेत, माझं आणि वन्संचं. आज त्यांना शेवटचं काय ते सांगायचंय. वन्संना जाऊन सात महिने झाले. दोन्ही नावं काढा, असंच मी सांगणार आहे. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलंय.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, पद्मावती मगदूम. मिरज स्टेशनातल्या तिकीट खिडकीमागे त्या चौतीस वर्षं बसल्या. लग्न केलं नाही. माझे मिस्टर गेले, मुलगा पुण्याला राहिला आणि या घरात आम्ही दोघीच उरलो. संध्याकाळच्या चहाला आम्ही रोज श्रीलंकेचा बेत करायचो. एवढंसं बेट, पण त्यात चहाचे डोंगर आहेत, हत्ती आहेत, समुद्र आहे. देवळाला लागून विहार, पुढच्या वळणावर मशीद, तिच्यापलीकडे चर्च. "महिनाभर हिंडलं तरी एक जागा दुसरीसारखी नसेल," असं वन्सं म्हणायच्या. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. म्हणून तिथं दिवस कधी मावळतो हेही त्यांनी शोधून काढलं होतं. "बारा महिने सहाच्या आसपास. म्हणजे जेवणाची पंचाईत नाही." मला समुद्राला तीन दिवस हवे होते. त्यांना ते कँडीच्या डोंगरांसाठी हवे होते. त्यावरून आमची भांडणं व्हायची, खरीखुरी.

डोळे जड होतात. गिरणीचा आवाज लांब जातो आणि मग तो गिरणीचा राहत नाही, रुळांचा होतो.

"रत्ना, पाय आवर. नकाशा चुरगळतोय."

वन्सं माझ्या पायाशी बसल्यात. ऑफिसची राखाडी सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आजारपणात गळालेले केस परत आलेत. त्या गेल्यात हे मला माहीत आहे. पण ते आत्ता बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, असं वाटतं.

"जेवलात?" मी विचारते.

"माझं सोड. समुद्राचे दिवस किती धरलेस?"

"तीन."

"दोन पुरेत," त्या म्हणतात आणि अंबाड्यातली पेन्सिल काढतात.

मी उठून बसते तर समोर काच आहे. काचेला तिकीट खिडकीचा तो अर्धगोल आहे, आणि वन्सं पलीकडे त्यांच्या खुर्चीवर बसल्यात. माझ्यामागे रांग लागलीय, पण कुणी घाई करत नाही. सगळ्यांच्या हातात छत्र्या आहेत.

"कुठलं देऊ?" वन्सं अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारतात.

"कँडी. दोन."

"कधीचं?"

मला तारीख आठवत नाही. मी पर्स उघडते. आत वन्संचा पासपोर्ट आहे. सहलीसाठी काढलेला, दोन वर्षांपूर्वी तो पोस्टानं आला होता. त्यातला फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, "चोरासारखी दिसतेय मी." मी तो अर्धगोलातून आत सरकवते. त्या एकेक पान उलटतात. सगळी पानं कोरी आहेत. पुन्हा पहिल्यापासून उलटतात, कुठंतरी शिक्का राहून गेला असेल तसं.

"चल," त्या म्हणतात. "गाडी लागलीय."

काच नाही आता. आम्ही गाडीत समोरासमोर बसलोय. खिडकीतून गार वारा येतोय. बाहेर हिरवे डोंगर मागं पळतायत आणि मी आनंदानं खिडकीकडं सरकते.

"वन्सं, आलो की हो आपण! बघा, चहाचे मळे."

त्या बाहेर बघतात.

"हा शाळू आहे, रत्ना," त्या हळूच म्हणतात. "आणि तो डोंगर आपल्या मिरजेजवळचा, दंडोबाचा."

मी नीट बघते. शाळूच आहे, ज्वारीचं रान. स्टेशन येतं. पाटीवर कँडी लिहिलंय, पण खाली बाक आपल्या मिरजेचेच आहेत, त्यावरचा लाल रंगही तोच. पुढं समुद्र लागतो. तो गणपतीपुळ्याचा आहे, मिस्टरांबरोबर तिघं गेलो होतो तेव्हाचा. वाळूत ह्यांची छत्री रोवलेली मला ओळखू येते.

"असं काय होतंय?" मी विचारते.

"मलाही वाटलं होतं, गेल्यावर कुठंही जाता येईल," वन्सं म्हणतात. "तिकीट नको, पासपोर्ट नको. तसं नसतं गं. पाहिलेल्या जागीच फिरता येतं. मी कँडीला जायला निघते आणि मिरजेतच उतरते. कितीदा करून बघितलं."

त्यांच्या आवाजात तक्रार नाही. गाडी उशिरा आहे हे प्रवाशांना सांगायच्या, तसाच आवाज आहे. पण मला ते सोसत नाही. गेले सात महिने जे कुणालाच सांगितलं नाही, ते तोंडाबाहेर पडतं.

"वन्सं, तेव्हा माझा गुडघा दुखत नव्हता."

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमचं सगळं ठरलं होतं. उन्हासाठी सुती कापडाच्या दोन टोप्याही आणल्या होत्या. आणि आठ दिवस आधी मी गुडघा धरून बसले. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाले, कुंभोजकरांच्या यादीत नावं तशीच राहिली. पुढच्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली.

"माहीत आहे मला," वन्सं म्हणतात. "कपडे वाळत घालायला दिवसातून चार वेळा गच्चीवर जात होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? विमानाला घाबरत होतीस. पाणी पार करून जायचं म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं ना. आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही मी. तुला कळलंसुद्धा नाही." त्या हसतात. मग हसू ओसरतं. "एकटीनं जावं असंही मनात आलं होतं. चौकशी केली मी. पण रोज संध्याकाळी आपण दोघींनी ठरवलेलं, ते एकटीनं जाऊन काय बघू? म्हटलं, थांबू. भीती जाईल हिची."

मी रडतेय. रडताना आवाज येत नाही. डब्यात शेंगा सोलल्याचा वास येतोय. मी त्यांचा हात धरते. हात गरम आहे, बोटांना शाई आहे.

"गेली का?" त्या विचारतात.

"काय?"

"भीती."

"नाही," मी म्हणते. "तशीच आहे. आणि आता तर तुम्हीही नाही."

बोलून गेले. जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. आता त्या जातील असं वाटून मी हात घट्ट धरते. पण त्या माझ्याकडे सरकतात.

"मग भीती घेऊन जा," त्या म्हणतात. "सामानात जागा आहे. आणि नीट बघ. नुसते फोटो काढत बसू नकोस. दुकानाच्या पाट्या बघ, बायका साडी कशी नेसतात ते बघ, चहा खुडणाऱ्या बाया काय बोलतात ते ऐक, कळलं नाही तरी. तू परत आलीस की मी संध्याकाळी चहाला असेन. तू सांग. तू सांगितलंस की मलाही जाता येतं का, बघू या."

"आणि नाही आलं तर?"

"तर ऐकेन. ऐकायला कुणाची ना आहे?"

बाहेर ऊन उतरलंय. शाळूच्या कणसांवर पिवळा उजेड पडलाय. वन्सं माझ्या पदराचं टोक हातात घेतात.

"एक लक्षात ठेव. कँडीहून निघताना उजवीकडच्या खिडकीत बस. नानू ओया स्टेशन मागं पडलं की डावीकडं ये. विसरशील."

"नाही विसरणार."

"विसरशील. वाण्याकडं जाऊन साखर विसरून येणारी तू." त्या मान खाली घालून माझ्या पदरात काहीतरी करत असतात. त्यांच्या मानेवरचे बारके पांढरे केस मला दिसतात. मला तिथं कपाळ टेकवायचंय. मी वाकते.

फोन वाजतोय.

मी चटईवर आहे. गिरणी बंद झालीय. नकाशा पायांखाली गेलाय, त्याला सुरकुत्या पडल्यात. चार वाजून पाच मिनिटं.

"मगदूमबाई, कुंभोजकर बोलतोय. काय ठरलं तुमचं? दोन्ही नावं काढू ना?"

ठरवून ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडात येतं. विमान डोळ्यांपुढं येतं. मी पायांखालचा नकाशा ओढून घेते.

"एक काढा," मी म्हणते. "पद्मावती मगदूम काढा. रत्नप्रभा राहू दे."

"एकट्या येणार तुम्ही?"

"हो."

ते काहीतरी विचारत राहतात, तारखा, व्हिसा, जेवण कसलं. मी उत्तरं देते. फोन ठेवल्यावर मी नकाशाच्या सुरकुत्या हातानं सारख्या करते. मग चहाचं आधण ठेवायला उठते आणि पदर कमरेला खोचायला जाते, तर टोकाशी हाताला काहीतरी टणक लागतं.

पदराला गाठ आहे. काही विसरू नये म्हणून मी मारते तसली सैल नाही. पीळ देऊन दोनदा आवळलेली, बारीक, वन्संच्या तिकिटांच्या गड्ड्यांना बांधलेल्या दोऱ्याला असायची तशी. मी नखानं उकलून बघते. सुटत नाही.