झानबाईंची चार अक्षरे

झान युनझीबाईंनी कागदावर लिहायचे आणि मी लाकडात कोरायचे, असे आमचे आयुष्यभर चालले. त्यामुळे बाईंविषयी बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाचा नाही. गावातल्या बाकीच्यांनी त्यांचा फक्त ओरडा खाल्ला आहे.

आमच्या ज्यांगशीकडच्या गावांत कुणी लोकांच्या उपयोगी पडला, की त्याच्या दारावर पाटी लावतात. काळी पाटी, सोनेरी चार अक्षरे, तीही जुन्या लेखी चिनीत. ती भाषा आता कुणी बोलत नाही, पण मान द्यायचा तर त्याच भाषेत. बाई शाळेत तीच शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर पाट्यांचे काम आपसूक त्यांच्याकडे आले, आणि ते दुसऱ्या कुणाला जमेल असे त्यांना कधी वाटलेही नाही.

"सेवा करणाऱ्याचं कौतुक लिहू नये," त्या म्हणायच्या. "काम लिहावं. कौतुक काय, कुणाच्याही दारावर चिकटतं."

सुईणीच्या पाटीवर त्यांनी लिहिले होते, 'दार वाजले, दिवा लागला'. हाडे बसवणाऱ्या वैद्याच्या पाटीवर, 'काल उचलून आणला, आज चालत गेला'. हे सगळे चार चार अक्षरांत! लिहिण्याआधी त्या त्या माणसाच्या मागे दिवसभर हिंडायच्या. वैद्याने तर वैतागून त्यांना मलम घोटायला बसवले होते.

पाटीच्या डाव्या कडेला, बारीक अक्षरांत, ती देणाऱ्याचे नाव असते. आणि आमच्याकडची जुनी रीत अशी, की ज्याचे नाव, तो त्या शब्दांना जामीन. खिंडीतल्या म्हातारीला तांदळाच्या व्यापाऱ्याने पाटी दिली होती, 'येईल त्याला गरम चहा'. म्हातारी आजारी पडली तेव्हा वाटसरू सरळ व्यापाऱ्याच्या दारात जाऊन बसले. बिचाऱ्याने हिवाळाभर आधण ठेवले.

तर गोष्ट होडीची. आमच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या फुकट होडी चालते. पलीकडच्या तीरावर कापराच्या झाडाला नांगराचा जुना फाळ टांगलेला आहे. तो दगडाने वाजवला, की नी छांगगन होडी घेऊन निघतो. त्याच्या आधी त्याचा बाप निघायचा. बाई मूळच्या पलीकडच्याच. त्या शाळेत आल्या त्या या होडीतून, आणि भर बर्फातसुद्धा त्यांची एकही दिवस शाळा बुडली नाही.

मग नदीच्या खालच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, पूल झाला. गावचा कारभारी फांग ज्याशू हरखून माझ्या दुकानात आला. बाई तिथेच अक्षरांवर नजर ठेवून बसल्या होत्या.

"बाई, होडी बंद करतोय. नीकाकांना झकास निरोप द्यायचा. पाटी माझ्या नावाने. लिहा काहीतरी दणदणीत. पर्वताएवढं पुण्य, नदीएवढी कीर्ती, असं."

"आणि होडीचं काय?"

"बागेत ठेवू. माती भरून फुलं लावू. लोक फोटो काढतील."

माझ्या हातातली पटाशी थांबली. माझी थोरली बहीण पलीकडे राहते. गुडघे गेलेले, पण बांबूचे कोंब विकायला बाजारात यायचे सोडत नाही. "पुलापर्यंत ताई कशी चालेल रे?" मी विचारले.

"बस सुरू होईल की!"

"कधी?"

"होईल." फांग हसला. या हसण्याची मला मनस्वी चीड आहे.

बाई उठल्या आणि दिवसभर नीच्या होडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला. यौ हू बी दू. हाक येईल, तर होडी जाईल.

मला इतका आनंद झाला, की मी त्यांना न विचारताच लाकूड निवडायला घेतले. "थांब," त्या म्हणाल्या. "चोरून काही करायचं नाही. आधी फांगला बोलव."

फांग आला, त्याने वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, हे निरोपाचं नाही वाटत."

"नाहीच आहे. नीने जे केलं ते लिहिलंय. चालू ठेवायचं असेल तर कडेला तुझं नाव घाल. नसेल तर घालू नकोस, बिनानावाची लावू."

"बिनानावाची? म्हणजे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कारभाऱ्याला चार अक्षरं झेपली नाहीत. शाळेतही झेपत नव्हती म्हणा."

दुकानाबाहेर तोवर निम्मे गाव जमले होते. फांगने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा गर्दीकडे. कारभाऱ्यांना नावाची हौस दांडगी. "कोर," तो मला म्हणाला. "पण नाव जरा ठसठशीत."

घाटावरच्या नीच्या दारावर पाटी लागली त्या दिवशी थाळे वाजले, फटाक्यांची माळ उडाली. नी नवा सदरा घालून अवघडून उभा होता. फांगने भाषण केले, भरपूर केले. फटाक्यांचा धूर विरतोय तोच पलीकडून आवाज आला. ठण्ण. मग पुन्हा, ठण्ण.

कापराच्या झाडाखाली ताई उभी होती. पाठीवर कोंबांची टोपली.

"नीकाका, जा की!" फांग म्हणाला.

नीने होडी ढकलायचा बांबू हातात घेतला, आणि फांगपुढे धरला. "मी जातोच आहे रे इतकी वर्षं. आज पाटीवर नाव कुणाचं आहे?"

मला वाटले, आता हा हसून विषय टाळणार. फांगने बाईंकडे पाहिले. बाई पाटीकडे पाहत होत्या, अक्षर कुठे चुकले तर नाही ना अशा नजरेने.

फांग नव्या बुटांसह होडीत चढला. नदीकाठचाच पोर तो, पण सवय गेलेली. मधल्या धारेत होडीने एक गिरकी घेतली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तरी पोचला. ताईचा आवाज अलीकडे स्पष्ट ऐकू आला, "फांग, टोपली आधी घे. आणि ते बूट काढ, होडी घाण करशील!"

त्याने निमूटपणे बूट काढले.

नी घाटाच्या पायरीवर बसून ते पाहत होता. बापाच्या काळानंतर काठावर बसून आपली होडी येताना त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याचे डोळे भरून आले, आणि खरे सांगायचे तर माझेही.

ताईला हात देऊन उतरवल्यावर फांग घामाघूम होऊन म्हणाला, "नीकाका, तळातून पाणी झिरपतंय. पुरापूर्वी तेल द्यायला हवं हिला."

"देऊ या," नी म्हणाला.

बागेतल्या फुलांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.