बर्गी बाथरूममध्ये

बदली होऊन कोलकात्याला आलो त्या दिवशी बालीगंजमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात एका गृहस्थांनी मला गाव विचारलं. मी म्हटलं, नागपूर. ते दोन पायऱ्या मागे सरले आणि हसत हसत वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडले, "बोर्गी एशे गेछे!" म्हणजे, बर्गी आले.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी नागपूरकडून मराठी घोडेस्वार बंगालवर चालून यायचे आणि गावंच्या गावं लुटून न्यायचे. ते बर्गी. त्यांच्या भीतीने इथल्या लोकांनी बागबाजारापासून शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. घोडेस्वार शहरापर्यंत पोचलेच नाहीत, खंदकही बुजला, पण इथल्या आयांनी तो शब्द मात्र नीट जपून ठेवला. न झोपणाऱ्या पोरांना अजून त्याचाच धाक असतो.

आता मी पडलो बँकेतला माणूस. मला पालीची भीती वाटते. झुरळाची वाटते. उडणाऱ्या झुरळाची तर इतकी, की हे लिहितानाही मी पाय खुर्चीवर घेतले आहेत. घरात पाल निघाली की बायको केरसुणी उचलते आणि मी बाल्कनीत जाऊन महत्त्वाचा फोन आल्याचं सोंग करतो. हे सगळं त्या गृहस्थांना तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी छाती पुढे काढली आणि मिशीवरून हात फिरवला. मला मिशी नाही. तरी फिरवला.

"उसनं अवसान आणू नकोस," बायको घरात आल्यावर म्हणाली. "अंगाशी येईल."

वर्षभर काही अंगाशी आलं नाही. उलट मजाच होती. पाण्याचा पंप बंद पडला, बोलवा बर्गीला. गच्चीवर माकड आलं, बोलवा बर्गीला. मी मुद्दाम हळूहळू बुटांच्या नाड्या बांधायचो. पोचेपर्यंत पंपवाला आलेला असायचा आणि माकड कंटाळून गेलेलं असायचं. मग मी कमरेवर हात ठेवून उभा राहायचो आणि लोक म्हणायचे, बघा, नुसता आला तर काम झालं. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने तर वर्गात जाहीर केलं होतं की तिच्या बाबाला जगात कशाचीच भीती वाटत नाही. ती घरात मराठी बोलते, पण त्यात बंगाली मिसळून. मला विचारायची, "बाबा, तू कधी भय पेलास?" म्हणजे, घाबरलास का. मी म्हणायचो, छे. बायको तेव्हा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची.

आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एक बाई एकट्या राहतात. सगळे त्यांना मासिमा म्हणतात, म्हणजे मावशी. वय सत्त्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला असतो. त्याच्या मनात त्यांना तिकडे न्यायचं होतं. घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली एक वसाहत त्याने बघून ठेवली होती, खोलीसुद्धा पसंत केली होती. मासिमांना जायचं नव्हतं. "चाळीस वर्षं मी बाजारात माशाचे कल्ले स्वतः उचलून बघते," त्या म्हणायच्या. "तिथे मला कोण बघू देणार?" त्यांच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न त्या अशा माशाच्या कल्ल्यावर टांगून ठेवायच्या, आणि मला ते पटायचं.

मुलगा रविवारी येऊन काय ते कायमचं ठरवणार होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मासिमांना माळ्यावर आवाज ऐकू यायला लागला. रोज दिवेलागणीला. कुणीतरी चालतंय, काहीतरी ओढतंय. त्यांनी ते फोनवर मुलाला सांगितलं आणि तो म्हणाला, आई, तुला भास होताहेत.

गुरुवारी त्या आमच्या दारात आल्या. "भास होणाऱ्या बाईला कोणी एकटं ठेवत नाही," त्या मला हिंदीत म्हणाल्या. "रविवारच्या आत मला तो आवाज कसला आहे ते बघून द्या. नाहीतर माझं घर गेलं." आणि मग, अगदी विश्वासाने, "तुम्ही तर बर्गी."

मुलगी शेजारीच उभी होती. मी नाड्या बांधल्या. शक्य तितक्या हळू बांधल्या, पण नाड्या दोनच असतात.

वर मासिमांच्या घरात आंबेमोहोर तांदूळ शिजत असल्यासारखा छान वास येत होता. गॅस मात्र बंद होता. मी स्टुलावर चढलो, माळ्याचं दार उघडलं आणि टॉर्च मारला. समोर दोन डोळे होते. मांजराचं अंग, मुंगसाचं तोंड, डोळ्यांवर काळा पट्टा आणि हातभर शेपूट. उदमांजर. इथे त्याला भाम म्हणतात. पिकलेल्या भातासारखा वास त्याच्याच अंगाला येतो हे मला नंतर कळलं. त्या क्षणी इतकंच कळलं की ते माझ्या खांद्यावर पाय देऊन खाली उतरलं.

त्यानंतरची पहिली आठवण बाथरूममधली आहे. मी उपड्या बादलीवर उभा होतो, कडी लावलेली होती आणि माझी पाचावर धारण बसली होती. बाहेर पातेली पडत होती. त्यात मासिमांचा आवाज, वर्गात दंगा करणाऱ्या पोरीला दम द्यावा तसा: "जाओ! ओदिके! ओदिके जाओ!" म्हणजे, तिकडे जा. मग शांतता. मग दारावर टकटक.

"बाहेर या. गेला तो."

"कुठून गेला?"

"बाल्कनीतून. आंब्याच्या झाडावर."

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"स्वतः घालवला," मासिमा म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा त्यांच्या हातात जळमटं काढायची लांब काठी होती आणि श्वाससुद्धा चढलेला नव्हता. मला रडू यायच्या बेतात होतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हे मी कुणाला सांगणार नाही. वचन देते."

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाई मायाळू. सकाळी त्यांनी इमारतभर सांगितलं की बर्गीने भाम शेपटीला धरला आणि बाहेर भिरकावला. दुपारपर्यंत माझ्या घरी तीन ठिकाणांहून संदेश नावाच्या मिठाईचे डबे आले. संध्याकाळी पूजा कमिटीच्या लोकांनी खाली अंगणात माझ्या गळ्यात उपरणं घातलं. मी ते घालून घेतलं. संदेशही खाल्ले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कसा दिसतो हे कुणाला बघायचं असेल तर त्या संध्याकाळचा फोटो आहे.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "भाम फेकताना तुझ्या पाठीला बाथरूमच्या भिंतीचा चुना कसा लागला?" मी तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

रविवारी संध्याकाळी मासिमांनी आम्हा तिघांना चहाला बोलावलं. आवाज खरा होता, भास नव्हता, एवढी साक्ष मी द्यायची होती. मुलगा पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला. "तुम्ही नसतात तर? आईला भास होत असते तर डॉक्टरला दाखवलं असतं. पण इथे खरी जनावरं शिरतात आणि तिला शेजारच्या पुरुषाला बोलवावं लागतं. आता मला शंकाच उरली नाही. उद्याच तिला घेऊन जातो."

मासिमांनी कप बशीत ठेवला. त्यांनी वचन दिलं होतं आणि त्या ते पाळत बसल्या होत्या, घर जात असताना.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या गळ्यातल्या त्या उपरण्याने त्यांची ट्रंक बांधली जात होती. मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, "भाम मी नाही घालवला. यांनी घालवला. मी बाथरूममध्ये होतो. बादलीवर."

मुलगा प्रसन्न हसला. "किती हा विनय!"

"विनय नाही हो. मी पळालो."

"खोटं बोलताहेत," मासिमा ताठ बसून म्हणाल्या. "शेपटीला धरून फेकला. मी बघितलं."

"मासिमा!"

"मी दिलेलं वचन मोडत नाही."

"मग मी मोडतो."

"ते माझं आहे. तुम्हाला मोडता येणार नाही."

बायकोने मध्ये पडून सांगितलं की मी पालीलासुद्धा घाबरतो, झुरळालाही, आणि एकदा तर भिंतीवरच्या खिळ्याला घाबरलो होतो. मुलगा मान डोलावत राहिला. मराठी लोक स्वतःबद्दल फार कमी बोलतात असं त्याने ऐकलं होतं म्हणे. कुणाकडून ऐकलं होतं देव जाणे.

तेवढ्यात माझ्या मुलीने नाक वर केलं. "भात कोण करतंय?"

माळ्याचं दार करकरलं.

मी ठरवलं होतं की या वेळी जागचं हलायचं नाही. हे मी बाथरूमच्या वाटेवर ठरवलं होतं. दार लावणार तोच कुणीतरी मला ढकलून आत घुसलं, कडी लावली, आणि मग अंधारात हात वर करून दाराच्या पार टोकाला असलेली दुसरी कडीसुद्धा लावली. ती कडी तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. दिव्याचं बटण बाहेर होतं. इस्त्रीचा शर्ट माझ्या खांद्याला खांदा लावून धापा टाकत होता.

बाहेर तीन आवाज होते. मासिमा हुकूम सोडत होत्या, बायको "इकडून, इकडून" म्हणत होती आणि माझी मुलगी आनंदाने किंचाळत होती. एक पातेलं पडलं. मग आणखी एक.

"ही वरची कडी बाबांनी बसवून घेतली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "मी लहान असताना घरात साप निघाला होता. आम्ही दोघं इथे आणि आई बाहेर." त्याने वरची कडी पुन्हा एकदा चाचपून बघितली. "नंतर वेडा कुत्रा वर आला, तेव्हाही. वादळात खिडकी निघून पडली, तेव्हाही. बाबा माझा हात धरून इथेच उभे असायचे. मी विसरूनच गेलो होतो हो. तिकडे रोज मला वाटतं, आई एकटी घाबरत असेल. या घरात घाबरायचो ते आम्ही."

मी त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही.

बाहेरची गडबड थांबली. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि पावलं दारापाशी आली. त्याने कपाळ दाराला टेकवलं.

"मा," तो म्हणाला, "तुला नाहीच ना यायचं?"

"नाही," दारापलीकडून उत्तर आलं.

"बरं," तो म्हणाला, आणि वरची कडी काढायला हात वर केला.