बॅक म्हणूनच लिवा हमीदभाऊचं नाव

हमीदभाऊसंग माही पहिली ओळख झाली ते भांडणानं. त्याईच्या साठीच्या गौरवाच्या पुस्तकात असं लिवाव का नाई, मले माहीत नाई. फुटबॉल मंडळाचे सेक्रेटरी देवरावभाऊ म्हणाले, "बाई, तू जसं बोलतं तसं लिव, आमी मंग नीट करून घेऊ." मी म्हटलं, नीट नका करू भाऊ. आठवीतून शाळा सुटली माही. जसं हाये तसंच छापा.

मी धानोऱ्याकडची. लगन होऊन ऊर्जानगरच्या मांगच्या वस्तीत आली. मालक पावर हाऊसमधी ठेकेदाराकडे पाळीवर जातेत. वस्तीच्या मांगं मैदान हाये, मैदानाच्या मांगं सुबाभळीची झाडी, अन् त्या झाडीत बिबट येते. जंगलातलीच पोरगी मी, पण गावात मले एवढं भेव नव्हतं. गावात बिबट आला तं कुत्रे भुकतेत, माणसं उठतेत. इथी कुत्रेच गायब होतेत.

तवा माही रोशनी सात-आठ वर्षाची होती. एक दिवस चार वाजून गेले अन् पोट्टी घरात नाई. बाजूची म्हणे, मैदानावर गेली असन. लहान्याले कंबरेवर घेतलं अन् मी धावत सुटली. पाहतो तं दिवस उतरून राह्यला, सगळे पोट्टे बॉलच्या मांगं, अन् त्याईचे मास्तर आमच्याकडे पाठ करून उभे. पांढरी दाढी, गुडघ्याले पट्टा.

मी म्हटलं, "कोनाले विचारून माह्या पोट्टीले खेळवून राह्यले तुमी?"

ते हलले नाई.

"मी तुमच्यासंगच बोलून राह्यली न! इकडे पाहा न जरा!"

"बोला बाई, कान तुमच्याकडेच हाये," ते म्हणाले. "पण मी तुमच्याकडे पाहीन तं झाडीकडे कोन पाहीन?"

ऊन पिवळं पडलं का हमीदभाऊ शिकवणं बंद करतेत अन् झाडीच्या बाजूनं जाऊन उभे राहतेत, शेवटचं पोट्टं घरी जाईपर्यंत, हे मले त्या दिवशी समजलं. शिव्या द्याले गेली होती. परत येताना रोशनीचा हात धरून आली अन् दुसऱ्या दिवशी तिले मीच घेऊन गेली.

ज्याईले माहीत नसन त्याईच्यासाठी सांगतो. हमीदभाऊचं चंद्रपुरात जुन्या गेटाकडे गाड्याईच्या सीटकव्हरचं दुकान हाये. दिवसभर रेग्झिन शिवतेत, अन् दुपार कलली का गाडीवर ऊर्जानगरले येतेत. जवानीत ते आपल्या मंडळाच्या टीमचे बॅक होते. बॅक म्हणजे जो आपल्या गोलच्या समोर उभा राहून दुसऱ्याले येऊ देत नाई. पोट्ट्याईचे बॉल उसवले तं तेच शिवून देतेत, जोड्याचा तळ निघाला तं तोबी. पैसे विचारले तं म्हणतेत, "वाचलेला धागा हाये, फेकाच लागते."

मी रोज मैदानाच्या कडीले उभी राहो. बाकीच्या बाया हासत. "हे आली पाहा चौकीदारीण!" कोनी म्हणे, "पोट्टीच्या खिशातच बसून जा न वं." हमीदभाऊ कधी हासले नाई. एक दिवस त्याईनं गाडीवरून एक गादी काढली. उरलेल्या रेग्झिनची, आत फोम, अन् वरतं "आई-बाबांचा आशीर्वाद" असं लाल अक्षरात, कोन्या गाडीच्या सीटमधून उरलेलं. म्हणाले, "उभं राहून पाय दुखतेत बाई. भ्यायचंच हाये तं बसून भ्या."

ते गादी पाहून दुसरीले पायजे झाली, मंग तिसरीले. आता रोज आमची आयाईची एक रांगच बसते झाडीच्या बाजूनं. कोनी भाजी निवडते, कोनी लेकराले दूध पाजते. हासणाऱ्याबी तिथीच बसतेत आता.

मले फुटबॉल कोनी शिकवला नाई. भेवानं बसून बसून समजला. भाऊ पोट्टीले सांगत, "बॉलकडे नको पाहू, तिच्या कंबरेकडे पाह्य. पाय खोटे बोलतेत, बॉल खोटं बोलते, कंबर नाई बोलत." अन् सांगत, "हिसकाव्याची घाई नको करू. उभी राह्य. मांगं सरक, पण मधातली वाट सोडू नको. तिले कोपऱ्याकडे जाऊ दे." हे ऐकाले सोपं हाये. समोरून कोनी धावत येऊन राह्यलं अन् आपण उभं राहाचं, धावून जाचं नाई, हे किती कठीण हाये ते करून पाहा. पोट्टीनं करता करता वर्ष लावलं.

धानोऱ्याले मॅच ठरली तवा मी नाई म्हटलं. माहंच माहेर तिकडे, पण तो जंगलातला रस्ता, ते बस, पोट्टी एकटी. मालक म्हणाले, "काई होत नाई, जाऊ दे." सासू म्हणाली, "पोरीच्या जातीले बॉल कशाले पायजे?" हमीदभाऊ घरी आले. दारातच उभे राह्यले. मले वाटलं आता हेबी म्हणतीन, काई होत नाई.

ते म्हणाले, "भेव लागून राह्यलं न? मलेबी लागते. एवढे लेकरं घेऊन जाचं म्हणजे काय खेळ हाये? तुमी संग चला. तुमी समोर बसा, मी मांगं बसतो. दोघं मिळून भेऊ."

म्हणून मी गेली. अन् तिथी मले समजलं का हमीदभाऊ काय होते.

तिकडच्या टीममधी एक उंच पोट्टी होती, हरणासारखी पळे. रोशनी तिच्यावर धावून गेली, तिनं बॉल बाजूनं काढला अन् गेली. पुन्हा तसंच. आपली गोलकीपर होती म्हणून वाचलो. हमीदभाऊ कडीवरून वरडले, "रोशनी! कंबर!" अन् मंग पोट्टी थांबली. ते उंच पोट्टी आली तं रोशनी मांगं सरकली. आणखीन आली, आणखीन सरकली. पायाले पाय लावला नाई, धक्का दिला नाई. निस्ती समोर राह्यली. सरकत सरकत त्या दोघी कोपऱ्यात गेल्या, अन् बॉल लाईनीच्या बाहेर गेला.

कोनी टाळी वाजवली नाई. माह्या बाजूची एक बाई म्हणे, "हे लहानी पोट्टी तं काईच करून नाई राह्यली वं!"

मी म्हटलं, "तेच तं करून राह्यली बाई!"

तिले ते समजलं असन का नाई, माहीत नाई. हमीदभाऊ दूर उभे होते, त्याईनं निस्ती मान हलवली. पोट्टी तेवढ्यावरच खूश. पूर्ण मॅचभर ते उंच पोट्टी मंग गोल मारू शकली नाई.

आता ज्याच्यासाठी मी हे लिवाले बसली ते सांगतो. हे लिवता लिवता, कोनी येते का म्हणून, मधात उठून दारातबी पाहून आली.

आपल्या मंडळाची मानाची भिंत हाये, स्टेडियमच्या आत. तिथी जुन्या चांगल्या खेळाडूईचे नावं लिवतेत, नावाच्या समोर त्याईचे गोल. हमीदभाऊले साठ पूर्ण झाले म्हणून मंडळाची बैठक झाली. आमाले आयाईलेबी बोलावलं. तिथी कोनी म्हटलं का हमीदभाऊचं नाव भिंतीवर लिवा. देवरावभाऊ हासले. ते त्याच टीममधी पुढं खेळून गोल मारत, त्याईचं नाव भिंतीवर सगळ्यात वरतं हाये. मनानं चांगले माणूस हायेत, म्हणून तं मले लिवाले लावलं. पण ते म्हणाले:

"हमीद माहा भाऊ हाये. पण भिंत म्हणजे भिंत. नावाच्या समोर लिवू काय? याच्या सगळ्या जन्मात एकच गोल, अन् तोबी सेमसाइड!"

सेमसाइड म्हणजे आपल्याच जाळ्यात. सगळे हासले. हमीदभाऊबी हासले. जुने लोकं आजबी त्याईले सेमसाइड हमीद म्हणतेत, हे मले तिथी समजलं. मंग देवरावभाऊ म्हणाले, "आपण असं करू, गेटवर प्रशिक्षक म्हणून पाटी लावू. शाल, नारळ अन् पाटी. काय हमीद?"

हमीदभाऊ म्हणाले, "चालते न, मले काय."

त्याईले चाललं. माह्या घरी नाई चाललं. रोशनी बाहेर पोट्ट्याईत बसून सगळं ऐकून राह्यली होती. घरी आली अन् जोडे काढता काढता म्हणे, "आई, भाऊले सांग, मले आता पुढं ठेवा."

"काऊन वं? तुले तं मांगंच आवडते न?"

"बॅकचं नाव लिवत नाईत न."

जे पोट्टी वर्षभर उभं राहाले शिकली, ते आता धावाले पाहून राह्यली. माह्या जीवाले तेवापासून चैन नाई.

मी दुसऱ्या दिवशी बसनं चंद्रपूरले गेली, दुकानात. भाऊ सीट उलटं करून शिवून राह्यले होते, दातात धागा. मी सरळ विचारलं, "भाऊ, तो सेमसाइड गोल कसा झाला होता?"

ते म्हणाले, "एवढ्या दूर हे विचाराले आल्या?"

"हव."

त्याईनं धागा काढला. फायनल होती, म्हणाले, कोयला खदानीच्या टीमसंग. शेवटचे मिनटं, बरोबरी. आपला गोलकीपर पुढं निघून पडला होता. कोपऱ्यातून बॉल आला, अन् भाऊच्या मांगं खदानीचा पोट्टा मोकळा उभा. समोर रिकामं जाळं. भाऊनं पाय घातला, बॉल बाहेर काढाले. नडगीले लागून आत गेला.

"सोडून देल्ला असता तं?"

"तं त्यानं मारला असता. गोल तं होनारच होता. पण मंग त्याच्या नावावर गेला असता, माह्या नाई."

"मंग तुमी पाय घातलाच काऊन?"

त्याईनं माह्याकडे असं पाह्यलं, का मी काईच्या काई विचारून राह्यली.

"बॅक होतो न मी बाई," ते म्हणाले.

तिथून मी देवरावभाऊच्या घरी गेली. त्याईनं चहा मांडला. मी म्हटलं, "भाऊ, तुमी त्या मॅचमधी होते न? तो गोल तुमी पाह्यला होता का?"

"कुठचा पाह्यला," देवरावभाऊ म्हणाले. "मी तं तिकडे अर्ध्या मैदानावर कंबरेवर हात ठेवून उभा होतो. मले निस्त्या पाठी दिसल्या." हासले. मंग कपात पाहत बसले अन् सावकाश म्हणाले, "खरं सांगू का बाई? जेवढे वर्ष हमीद होता, तेवढे वर्ष मी कधी मांगं वळून पाह्यलंच नाई. लागलंच नाई पाहाले."

मी म्हटलं, "हे पुस्तकात लिवू?"

त्याईनं चहा संपवला, कप खाली ठेवला. मंग म्हणाले, "लिव."

म्हणून लिवलं. आता मंडळाच्या सगळ्या मोठ्या माणसाईले माही विनंती हाये. देवरावभाऊचे गोल खरे हायेत, ते त्याईच्या पायाचेच हायेत, कोनी काढून घ्याचे नाईत. पण वळून न पाहता पुढं उभं राहाले त्याईले कोनं देल्लं, तेबी कुठीतरी लिवा न. प्रशिक्षक म्हणून हमीदभाऊ मोठे हायेतच, त्याच्यासाठी पाटी लावाची तं लावा. पण ते पाटी भिंतीच्या बदल्यात नको. भिंतीवर त्याईचं नाव लिवा अन् समोर लिवा, बॅक. गोलाच्या जागी सेमसाइड एक असं लिवाचं असन तं तेबी लिवा. माह्या पोट्टीले मी सांगीन तो गोल काय होता.

सत्काराच्या दिवशी मंडळ भिंत का पाटी ते हात वर करून ठरवनार हाये म्हणतेत. आमी आया काई सदस्य नाई, आमचा हात मोजत नाईत, हे माहीत हाये. पण आमी सगळ्या येऊन राह्यलो, लेकरं घेऊन, अन् हात वर करनार हावो. तुमी मोजा का नका मोजू.

हमीदभाऊ, तुमाले साठ वर्ष पूर्ण झाले. अल्ला म्हणा का देव म्हणा, त्यानं तुमाले आणखीन खूब वर्ष द्यावे. गुडघ्याचं दुखणं जावो, डोळे असेच दूरचं पाहत राहो, सुईत धागा तुमचा तुमाले ओवता येवो. आमच्या लेकराईचे लेकरं तुमच्या हाताखाली खेळो. अन् एक वर मी तुमच्यासाठी मागतो, जो साठीच्या माणसासाठी कोनी मागत नसन. त्या दिवशी स्टेजवर ते तुमाले विचारतीन, "काय हमीद, पाटी चालते न?" तवा तुमच्या तोंडातून "नाई" निघो. मोठ्यानं निघो. रोशनी समोरच बसून असन.

— रोशनीची आई