कुणाच्या रक्तात काय

आमच्या लॅबमध्ये नमुने कसे नंबर लावून फ्रीजरमध्ये ठेवलेले असतात. किस्से मात्र कुठेही पडलेले! मुंबईतल्या जुन्या, छोट्या समाजांच्या जनुकांमध्ये किती वैविध्य आहे, ते शोधायचा आमचा प्रोजेक्ट. टीम तिघांची: डॉक्टर मॅडम, फॉर्म भरणारे सावंत आणि नमुने घेणारी मी, प्रज्ञा. दुपारी जेवणाचे डबे उघडले की एकेक किस्सा निघतोच.

*

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात एका आजींच्या हातात नळी दिली. म्हटलं, "आजी, या रेघेपर्यंत थुंकी पाहिजे."

"नि हा कागद कसला?"

"तुमची परवानगी आहे म्हणून सही करायची."

"अगो, रस्त्यात थुंकलं तर दंड, नि इथे थुंकायला सही!"

सही झाली, पण तोंड कोरडं. नळी काही भरेना. शेवटी सावंत म्हणाले, "आजी, कैरी नि मीठ आठवा!"

नळी भरली. आजींची आणि मागे रांगेत बसलेल्या सगळ्यांचीही!

*

अंधेरीच्या गावठाणात एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले, अंकल भेटले. आमची अट अशी, की चारही आजी-आजोबा त्याच समाजाचे हवेत.

"हंड्रेड पर्सेंट! लिही बिनधास्त," अंकल म्हणाले.

आतून आंटीचा आवाज आला, "तुझ्या आईची आई गोव्याची होती ना?"

अंकलनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच, "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं. आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी!"

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं गुपित सावंतांच्या एका फॉर्मनं बाहेर काढलं. अंकलनी बिचाऱ्यांनी मॅडमना विचारलं, "मग माझी थुंकी बाद?"

"बाद कसली? वेगळ्या यादीत घेते," मॅडम म्हणाल्या. "वैविध्य म्हणतात ते हेच, अंकल!"

*

घाटकोपरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःहून लॅबमध्ये आले. "आम्ही मूळचे राजघराण्यातले. तेवढं तपासून लेटरहेडवर द्या."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रक्तात आडनाव दिसत नाही हो."

गृहस्थांनी आमच्या मशीनकडे नीट पाहिलं. "जुनं मॉडेल दिसतंय!"

*

बोरिवलीच्या जंगलातल्या वारली पाड्यावर आम्ही सिकलसेलसाठी बोटातून थेंबभर रक्तही घ्यायचो. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. जानकीमावशी वाहक निघाल्या. मी त्यांच्या अंगणात बसून सगळं समजावलं. शेवटी माझं नेहमीचं वाक्य: "कळलं का? का परत सांगू?" त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं तपासलंस?"

"माझं कशाला?"

"आमचं सगळं तुला कळलं. तुझं आम्हाला काय कळलं?"

आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे. आजोबांच्या वेळी गोवंडीला आलो. आमच्या त्या भागात सिकलसेल आहे, हे मला पाठ होतं. स्वतःचं बोट मात्र कधी टोचलं नव्हतं. त्या दिवशी मावशींच्या समोरच टोचलं.

आठवड्यानं मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि रिपोर्ट पुढे केला. असले रिपोर्ट मी लोकांना रोज वाचून दाखवते. हा मला वाचताच येईना.

दुसऱ्या दिवशी एकटीच पाड्यावर गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"काय आलं?"

"तुमच्यासारखंच."

"घाबरलीस?"

मी मानेनंच हो म्हटलं. मावशींनी सूप बाजूला सारलं, मला समोर बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

"हे बघ, हा आजार नाही. आईकडून नाहीतर बापाकडून आलेली खूण आहे. तुला काही होणार नाही. फक्त लग्न ठरवशील तेव्हा त्या मुलाचंही रक्त बघायचं. दोघांत असली तर पोरांना त्रास होऊ शकतो. कळलं का? का परत सांगू?"