सरोज मॅडमची रोड टेस्ट

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी त्याच्यावर टिकली लावली. मोठी, मरून रंगाची, मखमली. दिवा दिसेनासा झाला आणि मी महिनाभर सुखाने गाडी चालवली. हे ऐकून नात हसते, तेव्हा मी तिला सांगते, तुझी आजी तेव्हा लहान होती गं, अठ्ठावन्नच वर्षांची.

टिकलीला कारण होतं. गाडी ह्यांची. हे गेल्यावर मी हट्टाने चालवायला शिकले, आणि पुण्याहून माझा मुलगा मंदार दर रविवारी इंदूरला फोन करून विचारायचा, "आई, गाडीचं काय ठरवलंस?" म्हणजे विकतेस कधी. दिवाळीला तो येणार होता, गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं. त्याला तो दिवा दिसला असता तर गाडी गेलीच म्हणून समजा. तसे मी उपाय केले होते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला आणि दोन दिवसांत, काही विसरल्यासारखा, परत आला. दुसऱ्याने एक सेन्सर बदलला. तिसरा म्हणाला, "आंटीजी, बेच दो." टिकली त्यानंतरची.

शेवटी तुकोगंजातल्या मैत्रिणीने सरोज मॅडमचं नाव सांगितलं. सांवेर रोडवर दोन कारखान्यांच्या मधे त्यांची पत्र्याची शेड होती. मूळच्या साताऱ्याच्या, शिकलेल्या इंजिनिअर. नोकरीसाठी इंदूरला आल्या आणि नोकरी सोडून इथेच राहिल्या. गाडी दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त निदान करायच्या. दुरुस्ती शेजारचा मिस्त्री करायचा. आता त्या नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते: इतकी फटकळ बाई मी पाहिली नाही, आणि मी सासुरवास भोगलेली आहे.

मी बॉनेट उघडायला धावले, तर म्हणाल्या, "राहू द्या वहिनी. आधी तुम्ही बसता तिथं मला बसू द्या." बसल्या, चष्मा लावला, वाकून पायाशी बघत राहिल्या. मग नखाने टिकली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुमची. दिवा माझा."

मी टिकली पर्समध्ये टाकली.

"क्लचच्या पेडलचं रबर पार झिजलंय," त्या म्हणाल्या. "ॲक्सिलरेटरचं मात्र शोरूममधून आल्यासारखं आहे. कुठं कुठं नेता गाडी?"

"सब जगह," मी ऐटीत सांगितलं. "मंदिर, बँक, भाजी, भजनमंडळ."

"म्हणजे घराभोवती. गिअर कितवा?"

"दुसरा. कधी तिसरा. डिपेंड करतं."

"कशावर?"

"उतारावर."

त्यांनी मशीन जोडलं. पडद्यावर कसलासा कोड उमटला. मी म्हटलं, चला, समजलं एकदाचं. "काही समजलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मशीन सांगतं कोण ओरडलं. का ओरडलं, ते आपण शोधायचं." मिस्त्रीने प्लग काढून दाखवले, तर काजळाच्या डबीत बुडवल्यासारखे काळे. इंजिन नीट तापायच्या आत मी ते रोज बंद करत होते, त्यामुळे पेट्रोल अर्धवट जळून काजळी धरत होती, इंजिन अडखळत होतं आणि दिवा लागत होता. औषध एकच: नवे प्लग, आणि आठवड्यातून एकदा हायवेने मानपूरपर्यंत जाऊन यायचं. पाचव्या गिअरमध्ये.

मी हो म्हटलं, प्लग बदलले आणि मंदिरात गेले. हायवेच्या ट्रकांना मी घाबरत होते, आणि हे कबूल करण्यापेक्षा मला दिवा परवडत होता.

त्यांच्या फटकळपणाचा प्रसाद सगळ्यांनाच मिळायचा. एक कारखानदार म्हणाला, "मॅडमजी, घाई आहे, दिवा तेवढा बुझवून द्या." त्या म्हणाल्या, "मग दिवा फोडा की भिया, हातोडी तिकडं आहे." हा 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, त्या सातारी ठसक्यात म्हणायच्या, ऐकणाऱ्याला शिवी वाटायची. स्वतःची स्कूटर मात्र रोज उतारावर लावायच्या, कारण ढकलल्याशिवाय ती चालू होत नसे. मी एकदा टोमणा मारलाच. "घरच्यांचं निदान मी करत नाही," म्हणाल्या.

दिवाळीला मंदार आला आणि तो शेजारी बसलेला असतानाच दिवा पुन्हा लागला. त्याने फोन काढून दिव्याचा फोटो घेतला, तेव्हाच मी ओळखलं, गाडी गेली. मॅडमच्या शेडचा पत्ता मीच बोलून बसले होते. दुसऱ्या दिवशी "जरा फिरून येतो" म्हणून गेला. तासाभराने मॅडमचा फोन. "वहिनी, तुमचे चिरंजीव माझ्यासमोर उभे आहेत. आईला गाडी खलास झाली म्हणून सांगा, म्हणतात. मी न तपासता कुणाला खलास म्हणत नाही. उद्या सकाळी दोघं या, रोड टेस्ट करू."

रात्रभर मी हिशेब करत राहिले. गाडी गेली, की मंदिरालाही रिक्षावाल्याची मनधरणी, आणि संध्याकाळी कुठे निघालीस, ह्याचं उत्तर पुण्यातल्या मुलाला फोनवर द्यायचं.

सकाळी मिस्त्रीने प्लग साफ केले, मॅडमनी कोड पुसला आणि मशीन मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मंदार मागे. वाटेतलं महू मागे पडलं आणि हायवेचे ट्रक सुरू झाले. "चौथा टाका," त्या म्हणाल्या. मी टाकला. मागून एक हॉर्न आला आणि माझा पाय आपोआप क्लचवर गेला.

"काढा तो पाय. हॉर्न वाजला म्हणून पदर सावरायला तो ट्रकवाला काय तुमचा सासरा आहे? पाचवा."

पाचवा पडला. ह्यांच्या गाडीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गुरगुरणं थांबून ती गुणगुणायला लागली. ट्रक मागे राहिला. मंदारने मागून "आई, आई" एवढंच म्हटलं, पण मला वळून बघायला सवड नव्हती.

मानपूरला टपरीवर चहा घेतला. दिवा लागला नव्हता. मंदार कप तसाच ठेवून बाजूला गेला आणि फोनवर गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आला, "नहीं भिया, गाडी नहीं देनी है. मम्मी चलाती हैं."

मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. मॅडमकडे सरकून हळूच विचारलं, "कशी चालवली मी?" त्यांनी चहा संपवला, मशीन पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "गाडी ठणठणीत आहे, वहिनी. तुम्हीही व्हाल. मुलाला मात्र कुणाला तरी दाखवा. शेडपासून इथवर तो पायानं ब्रेक दाबत होता, आणि मागच्या सीटला ब्रेक नसतो."