शिडीकडे गेलेला उंच बॉल

…आणि बसमधल्या खिडकीच्या जागेवरून दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, तरी मैदानात बॉल मात्र जिथल्या तिथं, इथवर काल आलो होतो. काल जो हजर नव्हता त्याच्यासाठी एवढं सांगायला हवं, की गोटी ही सेटर. व्हॉलीबॉलमध्ये सेटर म्हणजे घरातली थोरली जाऊ. सगळ्यांना वाढायचं, कोणाला काय झेपतं ते ध्यानात ठेवायचं आणि टाळ्या दुसरीला मिळाल्या की आपणही हसायचं. ती जाळीपाशी बॉल उचलून देई आणि तो मारी शिडी. शिडीची उंची अशी, की हॉस्टेलच्या पलंगाबाहेर पाय वीतभर लटकायचे आणि त्यांना अडखळून गोटी दोनदा तोंडावर पडली होती. दोघी एकाच दिवशी क्लबात आल्या, एका खोलीत राहिल्या आणि एका साबणावरून सात वर्षं भांडल्या. या खेळावरच दोघींचं पोट. त्यांचे कोच, सगळ्यांचे मास्तर, म्हणायचे, "एकीला हात दिलेत, एकीला पाय. दोघींचं डोकं देवाने माझ्याकडे ठेवायला दिलंय."

अंतिम सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत शिडी बाकावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता थांबली.

"मास्तरांना बोलू नकोस. आत काहीतरी करकरतंय."

"मग खेळू नकोस की."

"आणि तुझे ते वाकडे बॉल कोण मारणार, तुझी मावशी? बुटके दे मला, अर्ध्या उडीत मारीन. उंच तेवढा देऊ नकोस. उंच झेपायचा नाही."

"बरं, नाही देत," गोटी म्हणाली, आणि चार सेट तिने शब्द पाळला. शिडीला बुटके, बाकीच्यांना उंच. मास्तर बाहेरून डोळे वटारत होते, पण गोटीने तिकडे पाहिलंच नाही.

पाचव्या सेटला चौदा-तेरा. एक पॉइंट मिळाला की कप. मागून बॉल गोटीकडे आला. तिच्या पाठीशी उजवीकडे नवी पोरगी अगदी मोकळी होती, पण तिने नुकतेच दोन बॉल जाळीत घातले होते. डावीकडे शिडी. गोटीने बोटं वर नेली आणि बॉल डावीकडे सोडला, छतावरच्या दिव्यांची विचारपूस करून यावा इतका उंच.

उंच बॉल दिसला की शिडीचे पाय कोणाची परवानगी मागत नसत. ती उडाली. मारला असा, की पलीकडच्या सहाजणी नुसत्या बघत राहिल्या. आणि खाली आली ती बसलीच. लोकांनी गोटीला खांद्यावर घेतलं. तिथून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, तिला स्ट्रेचर स्वच्छ दिसत होतं.

दवाखान्यात मास्तरांनी खोदून विचारलं तेव्हा शिडी म्हणाली, "मीच मागितला उंच. ओरडून मागितला."

गोटी मोसंब्यांची पिशवी घेऊन तिथंच उभी होती. कोणी ओरडलं नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने तोंड उघडलं, आणि म्हणाली काय, तर "सोलून देऊ का?"

शिडीचा गुडघा डॉक्टरांनी दोनदा उघडला, पण उडी परत आली नाही. गोटी पुढे अकरा वर्षं खेळली. परदेशी संघात गेली, कर्णधार झाली. मुलाखतीत तो बॉल हटकून निघे. "तिनेच मागितला होता," गोटी सांगे, आणि लगेच पाणी मागे. शिडीकडे जायचं ती टाळी, वस्तू मात्र पाठवी. एकदा तर गुडघ्याला शेकायचा गरम पट्टा पाठवला आणि मग दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. चोराने कुलूप भेट द्यावं, तशातली गत.

खेळ थांबवला तेव्हा क्लबने सत्कार ठरवला. भिंतीवर लावायला त्याच बॉलचा फोटो मोठा करून घेतला. क्लबचा कारकून विचारायला आला, "खाली 'तिने मागितला, हिने दिला' असं टाकू ना?"

"दोन दिवस थांबा," गोटी म्हणाली, आणि निघाली ती थेट शिडीकडे.

शिडी एका दुकानात चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. उंच स्टुलावर बसलेली, एक पाय सरळ पुढे. गोटीला दारात बघून म्हणाली, "ये बाई. नंबर वाढला का?"

"नाही. त्या बॉलचं बोलायचंय."

"कोणत्या? तू दिलेले निम्मे तर वाकडेच होते."

"शेवटच्या."

शिडीने मशीन बंद केलं. हातातली काच पुसली, उजेडाला धरली, परत पुसली.

"ते होय? अगं, मास्तरांनी तुला फाडून खाल्लं असतं, म्हणून मी मागितला असं सांगितलं. चौदा-तेराला माणूस स्वतःचं नाव विसरतो, तू माझा गुडघा विसरलीस. मी काही ते धरून बसले नाही. घाईत विसरलीस, एवढंच ना?"

इतकी वर्षं जे ऐकायला गोटी आसुसली होती, ते आयतं समोर आलं होतं. नुसती मान हलवायची, चहा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. शिडी तर चहा सांगायला वळलीसुद्धा. गोटीने तिचा हात धरला.

"विसरले नव्हते गं. तुझा गुडघाही आठवत होता आणि तुला दिलेला शब्दही. नवी मोकळी आहे हेसुद्धा दिसलं होतं. पण ती चुकली असती आणि तू मारशील हे मला माहीत होतं, म्हणून तुला दिला."